चौलचा घोडा, पागेची चंदी आणि पुळणीवरील शर्यत

रायगड जिल्ह्याची किनारपट्टी, विशेषतः उत्तरेस मांडव्यापासून दक्षिणेस श्रीवर्धन-हरिहरेश्वरापर्यंतचा पट्टा, घोड्याला मानवणारा प्रदेश कधीच नव्हता. चार महिन्यांचा मुसळधार पाऊस, खाड्या, खाजणे म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्याखाली जाणाऱ्या दलदलीच्या जमिनी, भाताची चिखलट खाचरे आणि पावसात भिजून कुजणारे गवत यांमुळे येथील शेती बैल-रेड्यांवर आणि वाहतूक मोठ्या प्रमाणावर होड्यांवर उभी राहिली. भीमा आणि नीरा या नद्यांच्या खोऱ्यांत जशी भीमथडी तट्टांची पैदास झाली तशी या किनाऱ्यावर झाली नाही. तरीही दख्खनच्या सुलतानांचे घोडदळ ज्या बंदरांतून भरले जात असे त्यांपैकी एक महत्त्वाचे बंदर याच किनाऱ्यावर, कुंडलिका नदीच्या मुखाशी होते, आणि ते म्हणजे चौल. त्यामुळे या भागातील घोड्याचा इतिहास हा बाहेरून आणलेल्या, महागड्या आणि परक्या हवेत टिकवाव्या लागणाऱ्या जनावराचा इतिहास आहे. आज स्पर्धात्मक अश्वारोहणात ज्याला अश्वकल्याण म्हटले जाते, म्हणजे घोड्याचा चारा, विश्रांती, औषधोपचार आणि त्याच्याकडून काम घेताना वापरली जाणारी साधने यांचा एकत्रित विचार, त्याचे प्रश्न येथे शर्यतीचे मैदान आखले जाण्याच्या कित्येक शतके आधी उभे राहिले होते. त्यांची उत्तरे मात्र प्रत्येक काळात एकाच गोष्टीवर ठरलेली दिसतात: घोडा मेला तर तोटा कोणाचा होतो.

अरबस्तान आणि इराणी आखातातून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येणाऱ्या घोड्यांचा व्यापार तेराव्या शतकाच्या अखेरीस भरभराटीला आला होता. मार्को पोलोच्या वृत्तांतात ठाण्याच्या राजाने समुद्री लुटारूंशी केलेल्या एका कराराचा उल्लेख आहे. त्यानुसार लुटीतील बाकीचा माल लुटारूंनी ठेवावा आणि घोडे तेवढे राजाला द्यावेत, अशी वाटणी ठरलेली होती. दक्षिणेकडील माबर, म्हणजे तमिळ किनारा, याविषयी तो सांगतो की तेथे दरवर्षी मोठ्या संख्येने घोडे विकत घेतले जात आणि त्यांतील बहुतेक वर्षभरात मरत, कारण त्यांना खायला काय घालावे आणि त्यांची निगा कशी राखावी याचे ज्ञान तेथील लोकांना नव्हते. इतकेच नव्हे, तर परदेशी व्यापारी नालबंदांना तिकडे जाऊ देत नसत, कारण घोडे मेले की नवे घोडे खपत. नाल ठोकणारा आणि खुरांचे दुखणे बरे करणारा तो नालबंद. व्यापाऱ्यांच्या हेतूविषयीचा हा आरोप ऐकीव असण्याचा संभव आहे, परंतु त्यामागील अर्थकारण खोटे वाटत नाही. विक्रीपर्यंत घोडा जिवंत राहणे ही व्यापाऱ्याची गरज होती आणि विक्रीनंतर त्याचे मरण ही त्याच्याच पुढील व्यापाराची संधी होती.

चौलच्या व्यापाराचे सर्वांत जवळचे चित्र रशियातील त्वेर या नगराचा व्यापारी अफानासी निकितीन याच्या टिपणांत सापडते. १४६९ ते १४७१ या काळात केव्हातरी तो होर्मुझहून एका शिडाच्या जहाजातून चौलला उतरला आणि त्याच्याबरोबर विक्रीसाठी आणलेला एकच घोडा होता. त्या देशात घोडे निपजत नाहीत, बैल आणि म्हशी निपजतात, अशी नोंद त्याने केली असून, घोड्यांना हरभऱ्यासारखी कडधान्ये, साखर व तूप घालून शिजवलेली खिचडी आणि पहाटे तांदळाचे पदार्थ खाऊ घालतात, असेही तो लिहितो. हा आहार ऐषारामाचा वाटला तरी त्यामागे अडचण होती. अरबी घोड्याला सवयीचे असलेले जव आणि कोरडे गवत कोकणात मिळत नसे, म्हणून जे धान्य हाताशी होते ते शिजवून, स्निग्ध करून त्याच्या पोटात घातले जाई. घोड्याची पचनसंस्था मुख्यत्वे चाऱ्यावर चालते आणि पिष्टमय धान्याचा अतिरेक झाला की पोटशूळ किंवा खुरांचा दाह होतो, हे आजचे पशुवैद्यक सांगते. तेव्हा तुपातली खिचडी ही काळजी होती आणि धोकाही होता.

चौलहून निकितीन पालीमार्गे सह्याद्री चढून जुन्नरला गेला. तेथे पावसाने त्याला अडकवले, आणि जुन्नरच्या असद खानाने त्याचा घोडा काढून घेऊन, धर्म बदलल्यास घोडा आणि वर एक हजार सोन्याची नाणी देऊ, असे सांगितले. एका खुरासानी अधिकाऱ्याने मध्यस्थी केल्यामुळे घोडा परत मिळाला आणि पुढे बिदरकडे विकला गेला. त्या एका घोड्यावर त्याने शंभर रुबल खर्च केले होते. एका जनावरात संपूर्ण भांडवल गुंतलेला मालक त्याची किती जपणूक करत असेल, हे वेगळे सांगावे लागत नाही. या प्रवाशाचे स्मारक २००२ मध्ये चौललगतच्या रेवदंड्यास उभारले गेले.

सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी घोड्यांची आयात गोव्याकडे वळवून तिच्यावरील जकात आपल्या तिजोरीत आणली आणि १५२१ पासून चौलमध्ये किल्ला बांधण्यास आरंभ केला. अहमदनगरच्या निजामशाहीला अरबी घोडे हवे होते आणि समुद्र पोर्तुगिजांच्या हाती होता, म्हणून घोडा हा दोन सत्तांमधील सौद्याचा विषय बनला. या काळातील कागद घोड्यांवरील करांविषयी विपुल बोलतात. घोड्यांविषयी फार थोडे.

घोड्याच्या निगेचा विचार राज्यकारभाराचा भाग म्हणून स्पष्ट मांडलेला दिसतो तो सतराव्या शतकात, शिवाजी महाराजांच्या व्यवस्थेत. त्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार होते. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येई, तर बारगीर सरकारी घोड्यावर बसे. हे सरकारी घोडे जेथे बांधले जात ती पागा. सभासद बखरीनुसार पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे आणि तेवढ्या घोड्यांमागे पाणी आणणारा एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. म्हणजे पाणी आणि खूर या दोन गोष्टी स्वाराच्या मर्जीवर न सोडता त्यांसाठी स्वतंत्र माणूस पगारावर ठेवला होता. पागेत घोडा राज्याचा असल्यामुळे त्याच्या मृत्यूचा तोटाही राज्याचा होता, आणि हा तोटा होण्याआधीच टाळायचा तर कोणाला तरी जबाबदार धरावे लागते, हे तेथे ओळखले गेले होते.

या दृष्टीने मे १६७३ मध्ये चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना पाठवलेले महाराजांचे पत्र असाधारण आहे. रयतेला काडीचाही त्रास होऊ नये या आशयासाठी ते पत्र ख्यातनाम झाले आणि ती ख्याती रास्तच आहे. तथापि त्या पत्राची निम्मी चिंता घोड्यांची आहे, हे सहसा सांगितले जात नाही. पावसाळ्यासाठी साठवलेली चंदी, म्हणजे घोड्याला द्यायचे दाण्याचे खाद्य, आणि वैरण छावणीने आधीच संपवत आणली होती. पत्राचा रोख असा की मिळालेला साठा पावसाळा संपेपर्यंत पुरवून वापरावा. आताच मनमानी उधळपट्टी केली तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरू लागतील आणि ती तुम्हीच मारली असा त्याचा अर्थ होईल. पुढे आगीविषयी बारीक सूचना आहेत: गवताच्या गंजींजवळ कोणी चूल पेटवील, कोणी तंबाखू ओढील, कोणी दिवा जळता ठेवून झोपेल आणि उंदीर ती पेटती वात ओढून नेईल, मग वैरण जळेल आणि एकही घोडा वाचणार नाही. येथे भूतदयेची भाषा नाही. परंतु उपासमारीने मेलेल्या घोड्याचा मृत्यू हा दैवाचा नसून हयगय करणाऱ्याच्या नावावर लिहिला जाईल, हा नियम त्यात आहे, आणि कल्याणाच्या कोणत्याही आधुनिक संहितेचा गाभा याहून फार वेगळा नाही. घोड्याचा चारा शेतकऱ्याच्या घरातून ओढून आणायचा नाही हे त्याच पत्रात सांगितल्यामुळे जनावराचे पोट आणि कुणब्याचे घर हे दोन्ही एकाच हिशेबात आले, हे विशेष.

१७४० मध्ये चौल-रेवदंडा मराठ्यांकडे आले तोवर बंदराचे महत्त्व ओसरले होते, आणि एकोणिसाव्या शतकात अरबी घोड्यांचा व्यापार मुंबईत एकवटला. १८८३ मध्ये महालक्ष्मीचे शर्यतीचे मैदान सुरू झाले. तेथेच पुढे १९४२ मध्ये स्थापन झालेल्या अ‍ॅमॅच्युअर रायडर्स क्लबसारख्या संस्थांतून हौशी अश्वारोहण वाढले. किनाऱ्यावर उरला तो टांग्याचा घोडा. अलिबागेस ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यापर्यंत पर्यटकांना नेणाऱ्या घोडागाड्या हे त्याचे परिचित रूप होय. आणि त्याच घोड्याचे दुसरे रूप म्हणजे पुळणीवरील शर्यती. पुळण म्हणजे समुद्रकाठची वाळूची सपाटी. समुद्र मागे हटला की पाण्याजवळची ओली वाळू काही तास घट्ट राहते आणि त्या मुदतीत बैलगाड्यांच्या, काही ठिकाणी घोडागाड्यांच्याही, शर्यती लागतात. त्याच पुळणीचा वरचा कोरडा भाग भुसभुशीत असतो आणि तेथे वेगात पळताना खूर खोल रुतून पायाच्या शिरांवर, विशेषतः पुढच्या पायांच्या मागील स्नायुबंधांवर, ताण येतो. म्हणून शर्यत भरतीकडे झुकली की जनावराची जोखीम वाढते, ही गोष्ट गाडीवानाला कोणी शिकवावी लागत नाही.

कायद्याचा इतिहास मात्र बैलाभोवती फिरला आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या केंद्रीय कायद्याने मारहाण, अतिश्रम आणि उपासमार हे गुन्हे ठरवले, परंतु पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला तो १० ते ५० रुपयांचा. या कायद्याखालील १९६५ च्या नियमांनी ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांकडून दिवसाला एकूण नऊ तासांहून आणि सलग पाच तासांहून अधिक काम घेण्यास, तसेच तापमान ३७ अंशांवर जाते अशा भागात दुपारी १२ ते ३ या वेळेत त्यांना जुंपण्यास मनाई केली. काटेरी लगाम, म्हणजे घोड्याच्या तोंडात टोचणारे खिळे असलेली कडी, आणि टोचणारी काठी यांवरही बंदी घातली. हे नियम चांगले होते आणि आहेत. ११ जुलै २०११ रोजी केंद्राने खेळासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नागराज प्रकरणात बैलांच्या शर्यती बेकायदा ठरवल्या. त्या निकालात न्यायालयाने बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी घडलेली नाही, असा भेद केला. तो शास्त्रदृष्ट्या योग्य असला तरी त्याचा एक न बोललेला परिणाम असा झाला की धावणे हा घोड्याचा स्वभाव म्हणून त्याच्या शर्यतीचा प्रश्न जणू सुटलेला मानला गेला.

२०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून बैलगाडा शर्यतींना अटींवर वाट करून दिली; उच्च न्यायालयाने अडवलेली ही वाट सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०२१ रोजी मोकळी केली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली. आता बैलगाडा शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्यकीय तपासणी लागते, चाबूक, काठी व विजेचा धक्का देणारी साधने वर्ज्य आहेत आणि अटी मोडल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. या दुरुस्तीतील शर्यतीची व्याख्या बैलांपुरती आहे. त्याच पुळणीवर धावणारा घोडा तिच्यात बसत नाही.

जागतिक स्पर्धाक्षेत्रात याच वर्षांत घोड्याकडे पाहण्याची दृष्टी बदलत होती. स्वाराने लगाम खेचून घोड्याची हनुवटी छातीकडे जबरदस्तीने वळवण्याच्या पद्धतीला आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने २०१० मध्ये मनाई केली. टोकियो ऑलिम्पिकमधील आधुनिक पंचक्रीडेत घाबरलेल्या घोड्याला प्रशिक्षकाने ठोसा मारल्याचे जगाने पाहिले आणि त्यातून पॅरिस ऑलिम्पिकनंतरच्या पंचक्रीडेतून घोडेस्वारीच वगळण्याचा निर्णय झाला. २०२४ मध्ये ब्रिटनच्या एका नामवंत ऑलिम्पिक विजेतीवर सरावात घोड्याच्या पायांवर चाबूक चालवल्याबद्दल एक वर्षाची बंदी आली. भारताने २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ड्रेसाज, म्हणजे स्वाराच्या सूक्ष्म इशाऱ्यांवर घोड्याने करावयाच्या शिस्तबद्ध हालचाली, या प्रकारात सांघिक सुवर्ण मिळवले तेव्हा अश्वारोहणातील सुवर्णाची ४१ वर्षांची प्रतीक्षा संपली, आणि त्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता. स्पर्धेच्या त्या घोड्याच्या तोंडातील रक्ताचा एक थेंब स्वाराला बाद करू शकतो. महालक्ष्मीपासून अलिबाग समुद्रमार्गे तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे, पण अलिबागच्या टांग्याच्या घोड्याच्या तोंडात काय आहे हे पाहण्याचे काम कोणाच्या रोजच्या कामाचा भाग नाही.

या तफावतीचा दोष एकट्या टांगेवाल्यावर टाकणे अन्यायाचे ठरेल. पागेच्या घोड्यामागे राज्याची तिजोरी होती, शर्यतीच्या घोड्यामागे श्रीमंत मालक आहे. टांगेवाल्यामागे सुट्टीच्या दिवसांची कमाई आणि पावसाळ्यातील चार रिकामे महिने आहेत, आणि त्या चार महिन्यांची चंदी त्यालाच भरायची असते. तेव्हा नियम करताना १६७३ च्या पत्रातील क्रम पाळणे शहाणपणाचे होईल: आधी चारा आणि पाणी कोठून येणार ते ठरवणे, मग त्यासाठी जबाबदार माणूस नेमणे, आणि त्यानंतर शिक्षा. राज्य शासनाने बैलगाडा शर्यतींसाठी ज्या अटी लिहिल्या त्यांच्याच धर्तीवर घोडागाड्यांच्या शर्यतींसाठी स्वतंत्र अटी लिहाव्यात, आणि त्यांत ओहोटीची वेळ, लगामाची तपासणी व पावसाळ्यातील वैरणीची तरतूद यांचा समावेश करावा.