परक्या गव्हाचा हिशेब



पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या कासुर्डीत काय किंवा दौंड-शिरूरच्या दुसऱ्या कुठल्या गावात काय, वडीलधाऱ्या मंडळींपाशी १९७२ च्या दुष्काळाचा विषय काढा. रेशनवर मिळालेल्या तांबड्या मिलो ज्वारीची आठवण हटकून निघेल. पण परदेशातून धान्य येण्याची रीत त्याच्याही आधीची. त्या धान्याचे पैसे कोणाला गेले आणि त्यांचा हिशेब कोणी घेतला, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. आज आपण तेच पाहू.

१९५४ साली अमेरिकेने एक कायदा केला. त्याचे नाव 'पब्लिक लॉ ४८०'. आपले लोक त्याला 'पी. एल. ४८०' म्हणू लागले. अमेरिकेच्या कोठारांत गहू मावत नव्हता आणि आपल्यापाशी तो विकत घ्यायला डॉलर नव्हते. तेव्हा हा गहू रुपये घेऊन द्यावा असे ठरले. भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला. पुढे ४ मे १९६० रोजी वॉशिंग्टन येथे मोठा करार झाला. त्यावर भारताकडून सही केली ती आपल्या मराठी मुलखातल्या माणसाने, तेव्हाचे अन्नमंत्री स. का. पाटील यांनी. अमेरिकेच्या बाजूने स्वतः अध्यक्ष आयसेनहॉवर होते. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ असा तो करार होता.

आता गंमत पाहा. म्हणायला ही मदत, पण गहू फुकट नव्हता. त्याची किंमत रुपयांत अमेरिकेच्या नावे जमा होई. मात्र हे रुपये देशाबाहेर जात नसत. शेजाऱ्याकडून पोतेभर धान्य घ्यावे, त्याचे पैसे आपल्याच घरातल्या पेटीत ठेवावेत आणि त्या पेटीला कुलूप मात्र शेजाऱ्याचे असावे, तसा हा प्रकार. त्यातला फार मोठा भाग कर्ज आणि अनुदान म्हणून आपल्याच सरकारला विकासकामांसाठी परत मिळे. काही भाग अमेरिकन वकिलात आपल्या खर्चासाठी वापरी. शिक्षकबंधूंना ऐकून नवल वाटेल, पण १९६२ पासून याच रुपयांतून भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेतली गेली आणि अमेरिकेतल्या ग्रंथालयांत पोचली. त्यांत मराठी पुस्तकेही होती.

मग हिशेब कोण घेई? अमेरिकेची संसद, जिला तिकडे काँग्रेस म्हणतात, ती घेई. कारण तो गहू तिथल्या करदात्यांच्या पैशाने शेतकऱ्यांकडून घेतलेला होता. १९२१ साली स्थापन झालेली त्यांची एक हिशेबतपासणी कचेरी परदेशात दिलेल्या मदतीचीही तपासणी करून संसदेला अहवाल देई. करारातही अटी होत्या: हा गहू दुसऱ्या देशाला विकायचा नाही, तो इथल्याच लोकांच्या पोटात गेला पाहिजे. यात गैर काही नाही. ज्याचा पैसा, त्याला विचारण्याचा हक्क.

पण विचारणे निराळे आणि दावे आखडणे निराळे. १९६५ पासून अध्यक्ष जॉन्सन यांनी लांब मुदतीचा करार न करता थोडा थोडा गहू सोडायला सुरुवात केली. भारताने शेतीकडे अधिक लक्ष द्यावे, हा त्यांचा एक आग्रह होता. पण व्हिएतनामच्या युद्धावर भारताने टीका केलेली त्यांना रुचत नव्हती, हेही खरे. इकडे पाऊस नाही. १९६६ साली १ कोटी टनांहून अधिक धान्य बाहेरून आणावे लागले. पुढची जहाजे कधी निघणार, याकडे दिल्लीचे डोळे लागलेले. त्याच वर्षी आपण १८ हजार टन मेक्सिकन गव्हाचे बियाणे आणले. त्या लाचारीचा धडा आपण शेतात गिरवला, असे म्हटले तरी चालेल.

इकडे पेटीतले रुपये वाढतच गेले. इतका पैसा एकदम बाजारात आला असता तर महागाई भडकली असती. अखेर १८ फेब्रुवारी १९७४ रोजी अमेरिकेचे राजदूत मॉयनिहान यांनी भारत सरकारच्या हाती १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश ठेवला. अमेरिकन सिनेटमध्ये त्याला विरोध झाला होता. लोकांचा पैसा असा सोडून द्यावा का, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता.

मंडळी, आज ही गोष्ट सांगण्याचे कारण असे, की आता आपणही देणारे झालो आहोत. अफगाणिस्तानात हेरातजवळ भारताच्या पैशाने सलमा धरण बांधले गेले. ४ जून २०१६ रोजी त्याचे उद्घाटन झाले. तो पैसा तुमच्याआमच्या करांतला. आपले महालेखापरीक्षक परराष्ट्र खात्याचे दप्तर तपासतात, अहवाल संसदेपुढे येतो आणि लोकलेखा समिती प्रश्न विचारते. पण दप्तर दिल्लीत आणि धरण हेरातला. ऑगस्ट २०२१ मध्ये तिथली राजवट बदलली. त्या पाण्याने कोणाचे शेत भिजले, हे नुसत्या पावतीवरून कसे कळावे? पैसा खर्च झाला हे कळणे आणि काम साधले हे कळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून देणाऱ्याने हिशेब जरूर मागावा, पण भुकेल्याच्या गळ्यात दावे बांधू नये. घेणाऱ्यानेही हिशेब द्यावा, त्यात कमीपणा नाही. आणि ही सवय दिल्लीत लागण्याआधी गावात लागायला हवी. गुरुजींनी वरच्या वर्गातल्या मुलांना एकदा ग्रामसभेला न्यावे. बंधाऱ्यावर किती खर्च झाला, एवढेच विचारून थांबू नका. त्यात पाणी किती दिवस टिकले, तेही विचारा, असे त्यांना शिकवावे. हेरातच्या धरणाचा हिशेब उद्या हीच मुले मागतील.