टिक दिसत होती

अर्ज भरण्याची मुदत रात्री 11:59 ची होती. अर्ज गेला नाही. घर पुण्यातलं धरा किंवा डोंबिवलीतलं, माणसं कुठलीही धरा. यंत्रं मात्र खरोखर अशीच वागतात.

सायंकाळी 6:50. आतल्या खोलीतल्या डेस्कटॉपचं नेट गेलं. लॅन केबलच्या टोकाची प्लॅस्टिकची खिटी आधीच तुटलेली, त्यात खुर्ची सरकवताना केबल सैल झाली. दाबून धरली की हिरवा दिवा लागत होता. चिकटपट्टी टेबलाच्या खणात होती. “ही गेली,” दादा म्हणाला आणि त्यानं केबल काढून बाजूला ठेवली.

7:05. डेस्कटॉपला वायफाय नाही, पण हेडफोनसाठी घेतलेला ब्लूटूथ डोंगल आहे. बाहेर लॅपटॉप वायफायवर नीट चालतोय. त्याचं नेट ब्लूटूथवरून आत आणायचं ठरलं. बहिणीचा फोटो, सही, गुणपत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला डेस्कटॉपवर होता. सगळं मिळून 2 एमबीसुद्धा नाही. पेनड्राइव्ह कीबोर्डच्या शेजारी होता.

7:20. दोन्ही पडद्यांवर सहा आकडी संख्या आली, सारखीच होती, दोन्हीकडे ‘होय’ दाबलं. “झालं?” बहिणीनं विचारलं. “झालं.” झालं नव्हतं. दोन संगणकांची ओळख झाली होती, एवढंच. नेटसाठी डेस्कटॉपवरून लॅपटॉपला ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून वेगळं जोडावं लागतं. ते सापडायला 7:41 वाजले.

7:48. लॅपटॉपवर शेअरिंगची खिडकी उघडली. नियम साधा आहे: ज्या जोडणीवर नेट येतं तिच्यावर टिक करायची आणि ज्या जोडणीवरून ते पुढे द्यायचं ती खाली निवडायची. म्हणजे टिक वायफायवर, निवड ब्लूटूथची. दादानं उलटं केलं. ज्या जोडणीवरून नेट पुढे द्यायचं तिला विंडोज 192.168.137.1 हा पत्ता देतं. तो वायफायला चिकटला आणि लॅपटॉपचंही नेट गेलं.

8:02. राउटर बंद करून चालू केला. हे आपल्याकडे सगळ्यात आधी होतं, कारण काहीही असो.

8:10. केबलवाल्याला फोन. “लाइन चालू आहे आमच्याकडून,” तो म्हणाला. त्या संध्याकाळी एवढं अचूक निदान दुसऱ्या कोणी केलं नाही. दादानं फोन ठेवला. “हे लोक असंच सांगतात.”

8:41. उलटी टिक लक्षात आली. सुलट केली, वायफायचा पत्ता पुन्हा ‘आपोआप’वर टाकला. डेस्कटॉपला 192.168.137 ने सुरू होणारा पत्ता मिळाला. अर्जाचं पान उघडलं.

8:55. पान उघडतं, पण रखडत. ब्लूटूथचा कागदावरचा वेग 3 एमबीपीएस. हातात फार तर दोनच्या आसपास. त्यात वायफायही त्याच 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. ब्लूटूथ 79 वाहिन्यांवर सेकंदाला 1600 उड्या मारतं. वायफायची एक वाहिनी त्यातल्या विसेक अडवून बसते.

9:26. चारपैकी पहिला टप्पा जतन झाला.

9:31. “दादा, सगळं पेनड्राइव्हवर घेऊन लॅपटॉपवरूनच भरू का?”

“आता चालू झालंय ना? हात नको लावू.”

9:44. आईची हाक: “दोन घास खाऊन घ्या, मग बसा.” लॅपटॉपची बॅटरी उतरली होती. दादानं तो उचलून स्वयंपाकघरातल्या प्लगला लावला. मध्ये आता दोन भिंती आणि फ्रिज.

9:46. ब्लूटूथ तुटलं. मोकळ्या जागेत ज्याची धाव दहाएक मीटर, त्याच्याकडून याहून जास्त अपेक्षा नव्हती. वाहतूक थांबली. नेट वाटून देणाऱ्या विंडोजच्या सेवेचा एक नियम आहे आणि मायक्रोसॉफ्टनं तो स्वतःच नोंदवून ठेवला आहे: 4 मिनिटं वाहतूक नसेल तर ती बंद होते आणि आपली आपण पुन्हा सुरू होत नाही.

9:50. सेवा बंद झाली. पडद्यावर काही सूचना आली नाही. टिक जागच्या जागी होती. आई ताटात भात वाढत होती.

10:12. लॅपटॉप परत बाहेर आला. डेस्कटॉपवर ‘कनेक्टेड’. पान उघडेना. दादानं पत्ता तपासला: 169.254 पासून सुरू होणारा. पत्ता देणारं कोणी भेटलं नाही की संगणक असा पत्ता स्वतःच घेतो. बिघाडाचं नाव-गाव पडद्यावर लिहिलेलं होतं. “आयपी आलाय,” दादा म्हणाला. “म्हणजे ब्राउझरचा घोळ आहे.”

10:15 ते 10:55. ब्राउझर बदलला. कॅश साफ केली. डीएनएस 8.8.8.8 केला. फायरवॉल बंद केली. ओळख मोडून पुन्हा ओळख केली. डोंगल मागच्या पोर्टमध्ये लावला. यातल्या एकाही गोष्टीचा बंद पडलेल्या सेवेशी संबंध नव्हता. शेअरिंगची खिडकीही मध्ये उघडली; टिक दिसली, खिडकी मिटली.

10:58. लॅपटॉप रीस्टार्ट. वाट पाहत बसलेलं अपडेट सुरू झालं. संगणक बंद करू नका, असं पडद्यावर आलं.

11:17. लॅपटॉप उठला. रीस्टार्टनंतरही ही सेवा आपोआप उठत नाही. टिक होतीच.

11:24. “फोनवरून नाही का होत?” आईनं दारातून विचारलं. “फायली यात आहेत गं,” बहीण म्हणाली. फोन त्याच डेस्कटॉपच्या यूएसबीला चार्जिंगला लावलेला होता. त्यात ‘यूएसबी टेदरिंग’ चालू केलं असतं तर त्याच वायरीतून नेट मिळालं असतं.

11:38. दादानं टिक काढली, ओके दाबलं, टिक परत केली, ओके दाबलं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. सेवा सुरू झाली.

11:39. पत्ता 192.168.137 चा. पान उघडलं. लॉगिन संपलेलं होतं.

11:44. फोटो चढवला. पानानं नाकारला: 50 केबीपेक्षा मोठा.

11:50. लहान केलेला फोटो गेला. सही गेली. 11:53 ला गुणपत्रिका, 11:54 ला दाखला.

11:55. शुल्काचं पान. शेवटच्या तासाला अख्खा महाराष्ट्र याच पानावर असतो.

11:57. ओटीपी आला, टाकला. चक्र फिरू लागलं.

11:58. चक्र फिरत होतं.

12:00. मुदत संपल्याचं पान आलं.

12:02. शुल्क कापल्याचा मेसेज आला.

12:06. दादानं स्पीड तपासला. 1.6 एमबीपीएस. ब्लूटूथच्या मानानं चांगला होता.