पाण्यातून आलेली कावीळ

आज आम्ही एका दुखण्याचा इतिहास सांगणार आहोत. गरोदर बाईच्या जिवावर उठणाऱ्या काविळीचा.

१९५५ साली यमुनेला पूर आला. दिल्लीसाठी पाणी उचलायच्या जागी नाल्याची घाण शिरली. पाण्यात क्लोरीन वाढवला, त्यामुळे टायफॉईड पसरला नाही. पण कावीळ पसरलीच. सुमारे २९ हजार लोक पिवळे पडले. बहुतेक बरे झाले, पण गरोदर बायका जास्त दगावल्या.

१९७८ मध्ये काश्मीर खोऱ्यात तशीच साथ आली. डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी गावांमध्ये पाहणी केली. २०८ गरोदर बायकांपैकी ३६ जणींना कावीळ झाली होती. त्यातल्या ८ जणींचं यकृत एकाएकी निकामी झालं. गरोदर नसलेल्या बायकांत मात्र शंभरात दोघींनाच कावीळ झाली होती.

दिल्लीच्या साथीतल्या रोग्यांचं रक्त जपून ठेवलेलं होतं. पुण्याच्या विषाणू संस्थेतल्या डॉ. खोर्शेद पावरी आणि अमेरिकेतले शास्त्रज्ञ यांनी १९८० साली दाखवून दिलं, की ही नेहमीची कावीळ नव्हेच. १९८३ मध्ये रशियन शास्त्रज्ञ बलायान यांनी रोग्यांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन हा विषाणू शोधला. पुढे त्याला 'हिपॅटायटिस ई' नाव मिळालं.

यकृत म्हणजे शरीराचं कोठार आणि गाळणी. ते साखर साठवतं, रक्त गोठवणारे घटक बनवतं, विषारी द्रव्यं काढून टाकतं. ते बंद पडलं की साखर उतरते, रक्त थांबत नाही, मेंदूला सूज येते. अतिदक्षता विभागात मग शिरेतून साखर देतात, पोट साफ ठेवणारं लॅक्ट्युलोज देतात, गरज पडल्यास श्वासाचं यंत्र लावतात. यकृताला सावरायला तेवढा वेळ मिळतो. नाहीच सावरलं, तर दुसरं यकृत बसवणं एवढाच मार्ग उरतो.

म्हणून कावीळ झालेली बाई बरळू लागली, दिवसा झोपून रात्री जागू लागली, हिरड्यांतून रक्त आलं, तर कावीळ उतरवणाऱ्याकडे वेळ घालवू नका. थेट मोठ्या दवाखान्यात न्या. गरोदर असेल तर डोळे पिवळे दिसताच न्या.

विहिरीत टीसीएल पावडर पडते का, हे ग्रामपंचायतीला विचाराच. पण दिल्लीचा धडा विसरू नका: गरोदर बाईच्या तांब्यातलं पाणी उकळलेलंच हवं.