एका पेटीतले दोन आवाज

नागपूर आकाशवाणी १९४८ साली सुरू झाली, तेव्हा घरच्या रेडिओत बहुधा एकच स्पीकर असे. तबला त्याच कागदी पडद्यावर, बासरीही त्याच्यावरच. कामाची वाटणी बोलपटांनी शिकवली. हॉलिवूडमध्ये डग्लस शिअरर यांच्या ध्वनिविभागाने १९३०च्या दशकात चित्रपटगृहासाठी जोडस्पीकर बांधला: खर्ज एकाकडे, तार स्वर दुसऱ्याकडे आणि मध्ये वाटणी करणारा क्रॉसओव्हर.

सीताबर्डीतून सुटे भाग आणून घरी पेटी बांधताना मीही हेच करू पाहिले. वूफरला कॉइल, ती तार स्वर अडवते. ट्विटरला कपॅसिटर, तो खर्ज अडवतो. आठ ओहमचा ट्विटर, तीन हजार हर्ट्झवर वाटणी, म्हणजे गणिताने साधारण ६.६ मायक्रोफॅरड. हिशेब चोख होता, आवाज मात्र पोकळ!

स्पीकरवर छापलेले 'आठ ओहम' नाममात्र असतात, हे तेव्हा कुठे ठाऊक होते? आतल्या वेटोळ्याचा अडथळा स्वरागणिक बदलतो. शिवाय वाटणीच्या जागी दोघे एकदमच बोलतात. एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे गेला, तर तो स्वरच गळतो. दोघांना तिथे एका पावलावर आणण्याची रीत लिंकविट्झ आणि रायली या अभियंत्यांनी १९७६ साली मांडली.

मी ट्विटरच्या दोन तारा उलटून जोडल्या आणि नागपूर केंद्राच्या मराठी बातम्या लावल्या. निवेदिकेचा आवाज भरून आला.