योकोहामाच्या हिंदी पेढ्या

सिंध प्रांत 1936 पर्यंत मुंबई इलाख्यात मोडत असे, याचे स्मरण आज खुद्द मुंबईलाही फारसे उरलेले नाही. आणि त्यामुळेच, त्या प्रांतातील हैदराबादच्या भाईबंद व्यापाऱ्यांनी जपानात योकोहामा बंदरी ज्या पेढ्या चालविल्या, त्यांची हकीकत मराठी वाचकाला परक्या मुलुखाची वाटते. वास्तविक या मंडळींच्या परदेशगमनाची पहिली पायरी मुंबईच होय. सिंधी कारागिरांचे जिन्नस घेऊन ते प्रथम येथील गोऱ्या गिऱ्हाइकांच्या दारी आले, आणि 1869 मध्ये सुवेझचा कालवा खुला झाल्यावर माल्टा-जिब्राल्टरपासून थेट जपानपर्यंत त्यांचा पसारा वाढत गेला.

या पसाऱ्याची घडी मोठी कसोशीची होती. मालक हैदराबादेत, वासियामल असूमल किंवा पोहूमल यांच्यासारख्या पेढ्यांचे गुमास्ते मात्र अडीच-तीन वर्षांच्या करारावर, बायकामुलांना गावी ठेवून, सातासमुद्रांपलीकडे. जेवणखाण व निवास पेढीकडे. मुदत भरली म्हणजे काही महिने घरी, आणि पुन्हा जहाज. योकोहामात रेशमी कापड व हातरुमाल खरेदी करून ते जगभरच्या बंदरांतील आपल्याच दुकानांत विकावयाचे, असा हा व्यवहार. त्यात नफा भरपूर होता. त्या गुमास्त्यांच्या संसाराचा हिशेब कोणत्या वहीत लिहिला गेला, हे विचारण्याची तेव्हा रीत नव्हती.

मुंबईचा जपानशी दुसरा धागा कापसाचा. पी. अँड ओ. आदी तीन युरोपीय कंपन्यांनी संगनमताने राखलेली त्या मालाच्या जहाजवाहतुकीची मक्तेदारी मोडावी म्हणून जमशेटजी टाटा 1893 मध्ये स्वतः जपानला गेले, आणि त्याच वर्षी निप्पॉन यूसेन कंपनीचे ‘हिरोशिमा मारू’ कोबेहून मुंबईकडे निघाले.

1 सप्टेंबर 1923 रोजी, दुपारचे बारा वाजण्यास दोन मिनिटे असताना, भूकंपाने आणि मागाहून भडकलेल्या आगीने योकोहामा बेचिराख केले. काही हिंदी व्यापारी ढिगाऱ्याखाली गेले; उरलेल्यांनी कोबेचा रस्ता धरला. योकोहामाचे रेशमाचे व्यापारी व नगरपालिका यांना, आपल्या मालाचे हे ग्राहक गेले तर बंदराचा कणाच मोडेल, हे पुरते उमगले होते. म्हणून त्यांच्यासाठी खास घरे व दुकाने बांधून नगरपालिकेने त्यांना परत बोलाविले. यात भूतदयेपेक्षा हिशेब अधिक होता, असे मी म्हणेन. परंतु असा उघड हिशेब वसाहतींच्या राज्यात हिंदी व्यापाऱ्याच्या वाट्याला क्वचितच येत असे.

या उपकाराची परतफेड तेथील हिंदी व्यापारी संघाने केली, ती सागरकाठच्या यामाशिता उद्यानात. भूकंपाचा राडारोडा समुद्रात भरून केलेल्या जमिनीवर 1930 मध्ये हे उद्यान खुले झाले, आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात संघाने तेथे पाणपोईची एक छत्री उभारली: वर हिंदी धाटणीचा घुमट, आत छताला रंगीत तुकड्यांचे कुट्टिमकाम, मध्ये जलकुंड. व्यापारी मंडळे सामान्यतः जकातीच्या अर्जांखेरीज मागे काही ठेवीत नाहीत. या मंडळाने भूकंपाच्या मृतांसाठी पाणी ठेवले. तेथे दर 1 सप्टेंबरला आजही आदरांजली वाहिली जाते.

फाळणीनंतर या पेढ्यांपैकी अनेकांचा कारभार हैदराबादेहून मुंबईला आला. ज्या घराण्यांत त्या काळची रोजकीर्द, करारनामे वा पत्रे उरली असतील, त्यांनी ती रद्दीत न घालता एखाद्या संशोधन मंडळाकडे सोपवावीत.