‘देवी’ म्हणजे कोणती?

१२. मजकुरातली ‘देवी’ ही मूर्ती नव्हे, मोटार आहे : सित्रोएन कंपनीची ‘डीएस’. ही दोन अक्षरे फ्रेंच पद्धतीने ‘देएस’ अशी उच्चारली की देवी या अर्थाचा शब्द ऐकू येतो. आंद्रे सित्रोएन (१८७८–१९३५) यांनी पहिल्या महायुद्धात तोफगोळे बनवणाऱ्या आपल्या पॅरिसच्या कारखान्यातून १९१९ साली मोटारी काढायला सुरुवात केली. बोधचिन्हातले दोन उलटे ‘व्ही’ म्हणजे त्यांच्या आधीच्या धंद्यातल्या दंतचक्रांचे कोनाकृती दाते. पुढच्या चाकांना गती देणारी ‘त्राक्स्यों आव्हां’ १९३४ साली आली. पण तिच्या आणि नव्या कारखान्याच्या खर्चाने कंपनीचे दिवाळे निघाले व ती मिशेलँ या टायर कंपनीच्या हाती गेली. खेड्यातल्या शेतकऱ्यासाठी आखलेली साधीसुधी ‘२ सीव्ही’ मात्र १९४८पासून १९९०पर्यंत टिकली. १९५५ची ‘डीएस’ पोलादी स्प्रिंगांऐवजी तेल आणि वायूच्या दाबावर तोललेली असे. उभी ठेवली की खाली बसे, इंजिन सुरू केले की हळूहळू वर येई. म्हणून ‘देवी उठली’ हे इथले वाक्य वाचकाने शब्दशः घ्यावे. १९७५ साली तिचे उत्पादन थांबले. – संपा.