तीन महिन्यांची नोटीस ही वेठबिगारी?

नंदुरबार जिल्ह्यातल्या कोरीटसारख्या गावातला, खासगी अनुदानित माध्यमिक शाळेत शिकवणारा तरुण. त्याच्या हाती शिक्षकभरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलमधून जिल्हा परिषदेची ऑर्डर पडली, की सल्लागारांना तोटा नसतो. “संस्थेला कशाला सांगतोस? उद्यापासून जाऊ नकोस. तीन महिने नोटीस म्हणजे निव्वळ वेठबिगारी. कोर्टसुद्धा तुला तिथं बसवू शकत नाही.”

या मताला आधार नाही असे नाही. वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय सक्तीने पाळायला लावत नाही, हे १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टचे तत्त्वच आहे. माणसाला काढताना संस्था किती मुदत देतात, हेही सर्वांना ठाऊक आहे. मग जाणाऱ्यानेच का थांबावे? प्रश्न रास्त आहे. निष्कर्ष चुकीचा आहे.

सक्ती होत नाही, म्हणून देणेही लागत नाही, हे कुठले तर्कशास्त्र? तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची विजया बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवली. जाण्याची मुभा आणि जाण्याची किंमत या एकत्र नांदू शकतात.

आता ज्या नियमाला वेठबिगारी म्हटले जाते, तो उघडून पाहू. खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या १९८१ च्या नियमावलीतला नियम ४० सांगतो: कायम कर्मचाऱ्याने तीन महिन्यांची, कायम नसलेल्याने एकच महिन्याची नोटीस द्यावी. (परिविक्षेवरचे कितीतरी शिक्षक उगीच तीन महिन्यांच्या धाकात असतात.) लवकर जायचे असेल तर संस्थेच्या संमतीने नोटिशीऐवजी पगार भरता येतो. तोही भत्ते वगळून, आणि जितके दिवस कमी पडतात तितक्याच दिवसांचा. वेठबिगारी पाहायची असेल तर याच जिल्ह्यातून ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कोयत्याकडे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीकडे पाहावे. मुकादमाची उचल फिटेपर्यंत त्या जोडप्याला फडातून हलता येत नाही. मूळ पगार भरून जिथून मोकळे होता येते, त्या नोकरीला तेच नाव देणे हा त्या जोडप्यावर अन्याय आहे.

‘नियम संस्थाचालकांच्या सोयीचा आहे,’ हा दुसरा दावा. मग पोटनियम २ कोणी लिहिला? नोटीस किंवा पैसे न घेता संस्थेने कर्मचाऱ्याला सोडले, तर तेवढी रक्कम शाळेच्याच अनुदानातून कापली जाते. पोटनियम ३ तर सुट्टीच्या काळात आणि पहिल्या सत्राच्या पहिल्या महिन्यात नोटीस द्यायलाच मनाई करतो. यात संस्थेचा लाभ कोणता? इथे राखले आहे ते दहावीच्या वर्गाचे गणित. ज्या गावात दुसरा गणिताचा शिक्षक नाही आणि क्लासही नाही, तिथे हे राखणे अधिकच गरजेचे.

एक मुद्दा मात्र प्रतिपक्षाला द्यावा लागेल. पैसे घेऊन सोडायचे की नाही, हे नियमाने संस्थेच्या मर्जीवर ठेवले आहे. अडवणूक होते ती इथेच, आणि ही त्रुटी दूर झालीच पाहिजे. पण नियम सुधारा म्हणणे वेगळे, धाब्यावर बसवा म्हणणे वेगळे. पुण्यातल्या आयटी कंपन्यांच्या नव्वद दिवसांच्या नोटिशीचे भांडण आणखी निराळे. तिथे मी सल्लागारांच्याच बाजूने उभा राहीन.

आणि ही नियमावली ज्या कायद्याखाली आली, त्या १९७७ च्या मूळ कायद्याच्या कलम ७ चे काय करायचे? राजीनाम्याच्या दोन प्रती, दोन्हींवर सही आणि तारीख, एक रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनाकडे, दुसरी स्वतःजवळ. एवढा काटेकोरपणा कशासाठी? कोऱ्या कागदावर सही घेऊन नंतर ‘राजीनामा’ पुढे करण्याचा प्रकार शिक्षकांना नवा नाही. ही पद्धत त्यांना त्यापासूनच वाचवते. जो स्वतः न सांगता निघून जातो, तो उद्या कोणत्या तोंडाने या कलमाचा आसरा मागणार?

वाचकांनीच निवाडा करावा. आणि ज्यांच्या हाती ऑर्डर आली आहे, त्यांनी रुजू होण्याची मुदत पाहून नोटिशीच्या दोन प्रती आजच काढाव्यात. पोस्टाची पावती दुसऱ्या प्रतीला टाचून ठेवावी.